मानेतली सुई

झोपेच्या गोळ्या सुटाव्यात म्हणून यूनशिउ दर शनिवारी दुपारी चेंगदूमधल्या म्हाताऱ्या डॉक्टर मिआओंकडे अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्यायला जायची. त्या दिवशी घोट्यात पहिली सुई गेली आणि लगेच गावाहून आईचा फोन आला. यूनशिउने तो स्पीकरवर टाकला.

“अगं, माझ्या घोट्यात काहीतरी टोचलं बघ.”

“मुंगी असेल. पुन्हा अनवाणी बसलीस ना मिरच्या निवडत?” यूनशिउ हसली.

डॉक्टरांनी गुडघ्याखाली दुसरी सुई घातली.

“आई गं! आता गुडघ्याखाली!”

डॉक्टरांचा हात जागीच थांबला. “ताई, घरात अजून कोण आहे?” त्यांनी फोनकडे वाकून विचारलं.

“कोणी नाही हो. दाराला आतून कडी आहे.”

यूनशिउ ताडकन उठून बसली. “काढा, डॉक्टर, आधी काढा!”

डॉक्टरांनी दोन्ही सुया उपसून ताटलीत टाकल्या आणि रिकामे हात तिच्यासमोर धरले.

“आई, आता बरं वाटतंय ना?”

आई अगदी हळू म्हणाली, “पाय मोकळे झाले गं. पण डॉक्टरांना सांग, मानेतली सुई एवढी खोल घालू नका म्हणावं.”