गुंजभर अफू

विसाजीपंतांची हयात श्रीमंतांच्या कोतवालीत वाण्यांची खोटी वजनं पकडण्यात गेली. आता संशय घरातच शिरला होता. अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत मुंग्या चालत, पाय ठरत नसत. झोपेसाठी वैद्यबुवांनी रोज गुंजभर अफू सांगितली होती. गुंजेचा दाणा पारड्यात टाकून पंत ती स्वतःच तोलत. काटा बरोबर जुळे, गोळी मात्र दिवसेंदिवस बारीक दिसे.

हा उद्योग बायकोचा, हे त्यांनी ताडलं. पारड्यांची अदलाबदल करून पाहिली, खोट निघेना. शेवटी एका दुपारी त्यांनी गुंजच उन्हात धरली. एका अंगाचा लाल रंग उडाला होता.

"सहाणेवर घासतेस?"

"संक्रांतीपासून," सगुणाबाई म्हणाल्या. "वैद्यबुवा म्हणाले, नकळत उतरवत न्या, नाहीतर एक दिवस झोपेतून उठायचे नाहीत. चौथाई उतरलीय. झोप लागते ना?"

लागत होती. पंतांनी गुंज त्यांच्या तळहातावर ठेवली.

"घासू नकोस, रंग उडतो. खालून सुईनं कोरत जा. तसं करणारा वाणी पकडायला मला नऊ वर्षं लागली होती."