रविवारचा चहा

सोजराबाई डोक्यावर पदर घेऊन मिस्सेला, ख्रिस्ती देवळातल्या रविवारच्या उपासनेला, निघाली, तेव्हा तिचा लेक भैरू चुलीपुढे बसून चहा पीत होता. शेजारी त्याची बायको इंद्रायणी खाली मान घालून पातेलं घासत होती. सोजराबाई काय समजायचं ते समजली.

छप्पन सालची गोष्ट. मिस्सेत फादरांच्या हातचा प्रसाद घ्यायचा, तर मध्यरात्रीपासून पोटात पाण्याशिवाय काही चालत नसे. घोटभर चहानेही उपास मोडे. नगरकडच्या गावी असताना भैरूने हा नियम कधी चुकवला नव्हता. पिंपरीला औषधांच्या नव्या कारखान्यात लागला, आकुर्डीच्या आबाजीच्या लेकीशी लग्न केलं, आणि दर रविवारी त्याचा उपास मोडायला लागला.

इंद्रायणीचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून तिला प्रसाद मिळत नसे. लेकीचा बाप्तिस्मा करायचा नाही, असा शब्दच आबाजीने लग्नाआधी घेतला होता. वरून परवानगी आणून फादरांनी लग्न लावलं, तेही वेदीपुढे नाही, आतल्या खोलीत. तरी ती दर रविवारी नवऱ्याबरोबर पिंपरीच्या पत्र्याच्या देवळात यायची. प्रसादाची वेळ झाली की सगळे उठून पुढे जात. मागे सतरंजीवर दोघंच उरत, ती आणि भैरू. बायका माना वळवून बघत. सोजराबाईला मेल्याहून मेल्यासारखं होई.

एकदा भैरू कामावर गेल्यावर तिने सुनेला गाठलं.

"तुझा धर्म तू पाळ. माझ्या लेकाला कशापायी बाटवतीस?"

इंद्रायणी म्हणाली, "पुन्यांदा न्हाई व्हनार, आत्याबाई."

पुढच्या रविवारी भैरूच्या हातात कप होताच. त्या दिवसापासून सोजराबाईने सुनेशी बोलणं टाकलं.

दिवाळीच्या सुमाराला इंद्रायणी काविळीने गेली. सोजराबाईने तिचं हगणंमुतणंसुद्धा काढलं, पण शेवटपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही.

त्यानंतरच्या रविवारी भैरू चुलीकडे फिरकला नाही. वेदीपुढे गुडघे टेकून त्याने प्रसाद घेतला. घरी परतताना सोजराबाईचे डोळे भरून आले. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, ती म्हणाली, पण तिच्या चहापायी तू देवाला मुकला होतास.

भैरू वाटेतच थांबला.

"ती साखर लपवून ठेवायची, आई. पिऊ नका म्हणून पाया पडायची. मीच करून प्यायचो."

"पर कशापायी?"

"समदे उठून गेले, की ती एकटीच मागं बसली असती."