तळव्याची दिशा

बाबांनी पांघरुणातून हात बाहेर काढला, तळवा समोर धरला आणि हवेतच पुढे ढकलला. वॉर्डातल्या मावशींनी तरीही पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला. बाबांनी तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

“नको म्हणत होते ना ते?” लेकीनं विचारलं.

“पितात की,” मावशी म्हणाल्या. अख्खा वॉर्ड आणि त्या एकट्या. गप्पा मारायला त्यांना सवड कुठली. त्यांनी औषधाचा चमचा पुढे केला. बाबांनी डोळे मिटून घेतले, तसा मावशींनी तो बाटलीशेजारी ठेवून दिला. “हे नंतर,” म्हणत त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

लेक स्टुलावर बसली. आज काय ते विचारायचंच, असं ठरवून ती आली होती.

बाजारात बाबांना ‘भोंगा’ म्हणत. शेअरबाजाराच्या रिंगणात शेकडो दलाल घसा फोडत असले, तरी भोंग्याचा आवाज वरच्या गॅलरीपर्यंत पोचायचा. पण खरा कारभार आवाजाचा नव्हताच, हातांचा होता. तळवा स्वतःकडे म्हणजे ‘घेतो’, तळवा समोर म्हणजे ‘विकतो’. एकदा हात उठला की सौदा पक्का. ‘नक्की ना?’ असं विचारणाऱ्याच्या वाऱ्याला पुन्हा कुणी उभं राहत नसे.

ही खोड घरातही आली होती. जेवताना बाबा तळवा छातीकडे वळवत, की आई मीठ पुढे करायची; तळवा समोर दाखवला की पातेलं उचलायची. “बोलायचे पैसे पडतात का तुम्हाला?” म्हणून वैतागायची. लेक मात्र ती भाषा बाराखडीच्या आधी शिकली.

पुढे पेढीचं काम तिनंच अंगावर घेतलं. रोज गॅलरीच्या कठड्याला टेकून खालच्या गर्दीत ती बाबांचे हात वाचायची. खाली उतरायची मात्र सोय नव्हती, रिंगणात बायकांना मज्जाव होता. गेल्या वर्षी तो नियम उठला. त्याच दिवशी जेवताना तिनं विषय काढला. बाबा म्हणाले, “बघू.” ते बघणं तसंच राहिलं. एका सकाळी झटका आला आणि त्यांची वाचा गेली, अर्धं अंग गेलं. मानसुद्धा हलेना. उरला एक हात, तोही कोपरापासून उचलता येण्यापुरता.

रिंगणातली जागा फार दिवस रिकामी ठेवता येत नसे. उद्या संध्याकाळपर्यंत एक तर तिनं ती आपल्या नावावर करून घ्यायची, नाहीतर विकून टाकायची. गिऱ्हाईक तयारच होतं. तिला ती जागा हवी होती. बाप असा पडलेला असताना इतकी हवी होती, की तिची तिलाच लाज वाटत होती. पण बाबांच्या मनाविरुद्ध तिथं पाय ठेवायची तिची तयारी नव्हती.

भागीदारकाका आले. बाबांच्या खांद्याला खांदा लावून त्यांचा जन्म रिंगणात गेला होता.

“विचारलंस?”

“तुमच्यासाठी थांबले होते. मी एकटी वाचायला गेले, तर मला हवं तेच वाचीन.”

काका खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, रिंगणात समोरासमोर उभे राहायचे तसे. लेक बाबांच्या तोंडाशी वाकली.

“बाबा, तुमची जागा. मी घेऊ, की विकू?”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. डोळे टक्क उघडे, पापणी लवत नव्हती. मग हात उठला. कोपरापासून, जेवढा उचलता येत होता तेवढा. तळवा समोर. एकदा ढकलला, पुन्हा ढकलला, आणि तिसऱ्यांदा इतक्या जोरात की हात खाटेच्या दांडीवर आदळला.

काकांनी मान खाली घातली. “विक म्हणतोय, पोरी.”

“दिसलं मला.”

“अजून एकदा विचारून बघतेस?”

तिला विचारायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. “नको काका,” ती म्हणाली. “त्यांचा हात उठल्यावर आजवर कुणी दोनदा विचारलेलं नाही. पोटच्या पोरीनं तरी कशाला विचारायचं?”

बाबांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं. तिनं ते पदरानं टिपलं. “तुमच्या मनासारखंच होईल,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं कागदांवर सह्या केल्या आणि गॅलरीकडे न बघता तशीच हॉस्पिटलात आली. “बाबा, जागा विकली,” तिनं सांगितलं. बाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग डोळे मिटून घेतले. जीव निवांत झाला असावा, असं तिला वाटलं. आपल्या मनाला जे लागायचं ते लागलं, पण त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही, एवढ्यावर तिनं समाधान मानलं.

आठवडाभरात बाबा गेले.

त्यांचा चष्मा वॉर्डातच राहिला होता. तो न्यायला ती गेली, तेव्हा मावशी खिडकीशी चादरींच्या घड्या घालत होत्या. त्यांना निवांत बसलेलं ती पहिल्यांदाच बघत होती.

“फार त्रास दिला का हो त्यांनी?” तिनं विचारलं. “साधं पाणी द्यायला गेलात तरी हात झटकायचे.”

“छे हो. गुणी माणूस. आधी आधी मीही फसले. हात असा केला, की मी पेला परत न्यायचे. मग डॉक्टरांनी दाखवलं, मनगट वळतच नव्हतं त्यांचं. काही हवं असलं, की बिचाऱ्यांचा हात तसाच व्हायचा.” मावशींनी चष्मा फडक्यानं पुसला आणि तिच्या हातात दिला. “नको असलं, की डोळे मिटून घ्यायचे.”