शेवटचे चार फेरे

"माझ्या रेडिओला हात लावू नकोस. जळेल तो," दिगंबरराव म्हणाले.

निवृत्तीनंतर कुमुदताईंना इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागला होता. अडॅप्टर गेल्यापासून मुका झालेला नवऱ्याचा सहा व्होल्टचा रेडिओ बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालवायला त्यांनी काडेपेटीएवढा, व्होल्ट कमी करणारा एक स्वस्त कन्व्हर्टर मागवला होता.

"आधी कन्व्हर्टर तपासते. मग तर झालं?" बॅटरी आणि मीटर जोडून त्या कन्व्हर्टरवरचा बारीक पितळी स्क्रू फिरवू लागल्या. मीटरवरचा आकडा बारावरून हलेना. वीस फेरे झाले, बोटं दुखली, तरी हलेना.

"स्वस्तातली वस्तू अशीच असायची. परत पाठव," म्हणत दिगंबररावांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि उगाच त्याच दिशेनं आणखी एक फेरा दिला. आकडा अकरावर आला. मग दहावर. दिगंबरराव खुर्ची ओढून बसले, ते सहावर आणूनच थांबले. कन्व्हर्टर तापतोय का, तेही बोट लावून पाहिलं. मग स्वतः उठून रेडिओ आणला आणि जोडला.

गाणं ऐकून शेजारच्या काकू दारात आल्या. "रेडिओ सुरू झाला? कोणी केला?"

"मी," दिगंबरराव म्हणाले.

कुमुदताईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"म्हणजे, शेवटचे चार फेरे माझे," दिगंबररावांनी आवाज खाली आणत सांगितलं.