खंडेनवमीची बंदूक

बत्तीस सालच्या खंडेनवमीला बापाची शिकारीची बंदूक पूजेत लखलखलीच पाहिजे, या हट्टानं धर्माजी ओट्यावर ठाण मांडून बसला होता. मुंबईहून आगबोटीनं मागवलेल्या तेलानं नळीचा गंज सुटला, अडकलेला घोडाही हलायला लागला, पण लाकडी दस्त्यावरचे बारके बारके खड्डे काही केल्या जाईनात. बाप हयात असताना दरवर्षी नेमका तेवढा भाग सोडून बंदूक पुसायचा, आणि दुसऱ्या कुणी तिथं फडकं लावलं तर अंगावर धावून जायचा.

"डुकरांमागं अख्खं रान हिंडला बा, पन एवढं घासायचा कंटाळा," धर्माजी करवादला. शेवटी त्यानं थळच्या कोळ्यांकडून मुशी माशाची वाळकी, खरखरीत कातडी आणली आणि हाताला फोड येईस्तोवर दस्ता घासला. खड्डे गेले.

पूजेच्या सकाळी फुलं वाहायच्या आधी त्याच्या आंधळ्या आईनं, ठमाबाईनं, सवयीनं दस्त्यावरून बोटं फिरवली. परत फिरवली. मग बंदूक उलटी करून पुन्हा चाचपायला लागली.

"आता काय शोधतेस, आये?" धर्माजी वैतागला. "सगळं गुळगुळीत केलंय मी."

 

"तुझ्या आधी एक पोर झालं व्हतं मला. दात येताना ह्या लाकडाला चावत बसायचं. तेवढीच खूण ठेवून गेलं व्हतं."