न्याहारीचं टेबल

स्पेनमधल्या एल्गोइबारचा हा कारखाना कामगारांच्याच मालकीचा, त्यामुळे नवं सीएनसी लेथ मशीन कोणतं घ्यायचं, तेही न्याहारीच्या टेबलाभोवती हात वर करूनच ठरायचं. जहाजांचे जाडजूड शाफ्ट फिरवून कातायला न थरथरणारं अवजड मशीनच हवं, हे सांगून सांगून लेथवर काम करणाऱ्या नेकानेचा घसा बसला होता. पण त्याचा खोल पाया नेमका या टेबलाच्याच जागी खणावा लागणार होता. "तुझ्या धुडापायी आम्ही काय उभ्यानं खायचं? हलकं घे की बाई," कुणीतरी म्हणालं. ते टेबल ज्यानं बनवलं, तो म्हातारा कोल्दो सफरचंदाची सायडर दारू ओतत होता. निम्मं पेल्याबाहेर सांडलं. "हलक्याच मशीनवर जन्म काढलाय मी," तो म्हणाला आणि त्यानं अवजड मशीनच्या बाजूनं हात वर केला. हात थरथरत राहिला, तेव्हा दुसऱ्या हातानं मनगट धरलं. मग एकेक हात वर गेला. नेकानेचा तेवढा टेबलावरून उठेना.