निवृत्ती तात्यांच्या नावाचं टिपाड

"आजपासून निवृत्तीचा दुसरा जन्म सुरू झाला!" एसटीच्या पायरीवरून उतरता उतरता निवृत्ती तात्यांनी जगाला कळवलं. फाट्यावर तेव्हा जग म्हणून एक शेळी तेवढी हजर होती.

"दुसऱ्या जन्मात पिशवी तरी नीट धरा," मागून त्यांच्या पत्नी तुळजाबाई म्हणाल्या. "गोळ्या सांडून राहिल्यात."

छातीत कळ आली म्हणून तात्यांना लातूरला नेलं होतं. जिल्हा नवा झालेला, त्यामुळे मरायला आता उस्मानाबादपर्यंत जावं लागत नव्हतं. पण तात्या वाचले. डॉक्टरांनी सोडताना बजावलं, तंबाखू बंद, मीठ कमी, आणि मन रमवायला एखादा छंद ठेवा.

"हाय की. आंघोळ."

"मी छंद म्हणालो."

"हाव, त्योच. आंघोळ करता करता गाणं. कोरड्या अंगानं मला गळाच फुटत न्हाई, साहेब."

दोन पावसाळे कोरडे गेले होते. डॉक्टर स्वतः ओल्या पंच्याने अंग पुसून कामावर आले होते. त्यांनी कागदावरचा 'छंद' मुकाट्याने खोडला.

फाट्यापासून घरापर्यंत तात्यांना सगळंच आवडत गेलं. बाभळीची विरलेली सावली आवडली. ज्या गाढवाच्या ओरडण्यावरून गल्लीतल्या दगडोबाशी त्यांचं वर्षभर बोलणं नव्हतं, ते ओरडणंसुद्धा आज सुरात वाटलं.

गल्लीत वळले आणि थबकले. त्यांच्याच दारात माणसं डोक्याला टॉवेल गुंडाळून मान खाली घालून बसली होती. मधोमध पाण्याने काठोकाठ भरलेलं टिपाड, वर गोणपाट.

तात्यांनी टोपी काढली. शेजारच्या ग्यानोबाला हळूच विचारलं, "कोण गेलं रं?"

ग्यानोबाने वर पाहिलं. त्याचा चेहरा पिठासारखा झाला.

"तुमी," तो म्हणाला.

मग एकच गलका झाला. कुणी तात्यांचे पाय चाचपून पाहिले, कुणी तुळजाबाईंना मिठी मारली. ग्यानोबा तर आता नव्याने रडू लागला.

"काल भेटाया आलतो, तात्या. तुमच्या खाटंवरची गादी गुंडाळून ठिवलेली. मानूस बी न्हाई, काकी बी न्हाई. मला काय समजंना व्हय?"

"आरं, बरं वाटलं म्हणून दुसऱ्या वॉर्डात नेलतं!"

"कुणाला इचारायचं तरी होतंस," तुळजाबाई म्हणाल्या.

"तोंडातून शबूद निघंना, काकी. एसटीत बसलो ते रडतच गावात उतरलो."

"बरं, ते ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "हे टिपाड कशाचं?"

गल्लीतल्या सगळ्यांत थोरल्या धुरपताबाई पुढे झाल्या. "मातीहून आल्यावर मानसांनी आंघुळ कशानं करावी, लेका? काल टँकर आला. घरटी दोन घागरी तुझ्या नावानं काढून ठिवल्या."

तात्या टिपाडाकडे बघत राहिले. टँकरच्या नळीपाशी याच गल्लीतल्या बायका एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरत. दगडोबाने तर मागे घागरीसाठी डोकं फोडून घेतलं होतं. तोही तिथेच बसला होता, डोक्याला टॉवेल गुंडाळून.

"दगडू, तू बी दिलंस?"

"दोन दिल्या," दगडोबा दुसरीकडे बघत म्हणाला. "एक जरा उनी व्हती."

तात्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "मी तर आलो. न्या की मग आपापलं पाणी."

कुणी हललं नाही.

"मेलेल्याच्या नावाचं पाणी रांजणात कसं वतावं?" धुरपताबाई म्हणाल्या. "लेकराच्या तोंडाला कसं लावावं?"

"पन मी मेलो न्हाई, आत्या!"

"पाण्याला काय ठाव त्ये?"

ग्यानोबाने डोळे पुसले. "तुमीच आंघुळ करा, तात्या. समद्या टिपाडानं."

तात्यांनी गोणपाट सारलं. पाण्यात आभाळ होतं आणि त्यांचं दाढी वाढलेलं तोंड. कित्येक महिन्यांत एवढं पाणी त्यांनी एका जागी पाहिलं नव्हतं. अंगावर पहिला तांब्या पडल्यासारखा काटा आला. मग नजर वर गेली. गल्लीत दारोदार घागरी पालथ्या होत्या.

त्यांनी तांब्या बुडवला आणि तोंडाला लावला. घटाघटा, हनुवटीवरून ओघळू न देता, सगळ्यांदेखत रिकामा केला.

"गोड हाय," ते म्हणाले. "मेलेल्याला चव कळत आसती का, आत्या?"

धुरपताबाई आपल्या घरात जाऊन घागर घेऊन आल्या.

टिपाड रिकामं व्हायला वेळ लागला नाही. पण जो तो जाताना आपल्या घागरीतलं तांब्याभर पाणी तुळजाबाईंच्या बादलीत ओतून गेला. दगडोबाने दोन तांबे ओतले आणि कुणी पाहिलं तर नाही ना, ते पाहिलं. बादली भरली.

तात्या पंचा नेसून न्हाणीतल्या दगडावर बसले. बांबूच्या तट्ट्यापलीकडे सगळी गल्ली थांबून राहिली. त्यांनी डोळे मिटले, खाकरून घसा मोकळा केला, तांब्या बुडवला आणि झटकन हात मागे घेतला.

"ग्यानोबा!"

"जी, तात्या?"

"पाण्यासंगं लाकडं बी गोळा केली आसशील की माझ्यासाठी?"

पलीकडे ग्यानोबाने डोक्याचा टॉवेल सोडला.

"हाव... केलीत थोडी."

"मग त्यातली दोन आण. डॉक्टरनं गार पाण्याला न्हाई म्हणलंय."